न भाजलेला राब

पहिलं वर्षभर मला जमिनीकडे बघण्याचा पगार मिळाला. मी गंमत करत नाही. नेमणूकपत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते पत्र हातकागदावर, फुलांपासून काढलेल्या शाईने लिहिलेलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात अक्षरं उडून गेली. पगार मात्र येत राहिला.

त्याआधीची वीस वर्षं मी आखातात काढली. पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष तेव्हा तिकडेच असत, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. काम बागेचं होतं. मोठमोठ्या हॉटेलांभोवती वाळूत हिरवळ उगवायची आणि ती मरू द्यायची नाही. एकदा कोणी बडा पाहुणा यायचा होता आणि नेमकी हिरवळ पिवळी पडली. आम्ही सहा जणांनी फवारणीच्या पंपाने तिला हिरवा रंग मारला. पाहुण्याने खाली वाकून कौतुकाने गवतावरून हात फिरवला आणि हिरवा हात घेऊन तो जेवायला गेला. त्या महिन्यात मला बक्षीस मिळालं. परत आल्यावर नोकरीच्या मुलाखतीत मी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तरीही मला ठेवून घेतलं, यावरून ती माणसं कशी होती याचा अंदाज यावा.

ती माणसं म्हणजे मुंबई-पुण्याची चौदा शिकलेली मंडळी. कोणी बँकेतलं, कोणी कॉम्प्युटरवालं, एक दातांचा डॉक्टर. पनवेलला विमानतळ येणार, येणार म्हणून गावोगाव जमिनीची बोलणी चालू होती, तेव्हा या मंडळींनी उलट्या दिशेला, डोंगराच्या पायथ्याशी बारा एकर घेतले. मातीची घरं बांधायची, एका चुलीवर जेवायचं, बाजारातून कमीत कमी आणायचं आणि शेती पर्माकल्चर पद्धतीने करायची, असा बेत. जगात पुष्कळ ठिकाणी अशा वस्त्या आहेत, आणि त्यांची माणसं एकमेकांकडे येतात-जातात. आमच्या वस्तीचं नाव मात्र मी देत नाही. त्यातले बरेचजण अजून मला बाजारात भेटतात आणि माझ्याशी फार चांगले वागतात.

पर्माकल्चर म्हणजे काय, हे मला रोज कोणीतरी विचारतं, तेव्हा इथेच सांगून टाकतो. जंगलाला कोणी खत घालत नाही, नांगरत नाही, तरी ते उभं असतं. तर शेत जंगलासारखं मांडायचं. पाणी धावत असेल तर त्याला चालायला लावायचं, चालत असेल तर बसवायचं. रोज लागणारी कोथिंबीर दाराशी, वर्षातून एकदा लागणारं लाकूड लांब. आमच्या अम्मीने मोरीच्या पाण्यावर पुदिना आणि कुंपणाला शेवगा लावला होता, तो याच शास्त्राप्रमाणे, फक्त तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. यातला पहिला नियम असा, की जमीन हातात आल्यावर वर्षभर काही करायचं नाही. नुसतं बघायचं.

मुलाखत अनघाताईंनी घेतली. त्या वस्तीच्या समन्वयक. अध्यक्ष म्हटलेलं त्यांना चालत नसे, कारण तिथे कोणी वर नव्हतं आणि कोणी खाली नव्हतं. पुण्याच्या, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या, मनाने खरोखर चांगल्या. त्यांनी डोळे मिटून विचारलं, "इक्बालभाई, तुमचं मातीशी नातं काय?"

"साफ आहे, ताई," मी म्हटलं. "आजपर्यंत तक्रार नाही."

त्यांना ते फार आवडलं. मी व्यवस्थापक झालो.

आता बघण्याचं काम. एक वही दिली होती, तिच्यात रोजचं निरीक्षण लिहायचं. पहिल्या सोमवारी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधावर बसलो आणि लिहिलं, 'जमीन जागेवर आहे.' अनघाताईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. तिथे टाळ्या वाजवत नसत. आवाजाने लाजरी माणसं बुजतात, म्हणून पसंती दाखवायची ती बोटं हलवून. मी काहीतरी खोल बोललो आहे, असा सर्वांचा समज झाला आणि तो मी मोडला नाही.

त्याच बांधावर मला गोमादादा भेटला. सत्तरीचा, काटक, तोंडात चार दात, कंबरेला पंचा आणि कोयता. बाराही एकर त्याच्याच. मुलांनी विकले, त्याने अंगठा उठवला. उठवताना एकच अट घातली आणि ती कुठल्या कागदावर आली नाही: "मरंपातूर मना या बांधावर काम द्या." मंडळींनी आनंदाने कबूल केलं. त्याला 'भूमिमित्र' असं पद दिलं. तो गवत कापायचा, कुंपण बघायचा, आणि विकलेल्या शेतात रोज सकाळी हजर व्हायचा.

"तू काय करतंस रं?" त्याने मला विचारलं. आमच्या अब्बांचं पनवेलच्या बाजारात दोरखंडाचं दुकान होतं, त्यामुळे मला तो लहानपणापासून ओळखत होता.

"बघतोय."

"काय हरवलं?"

मी काम समजावून सांगितलं. त्याने पंच्याने तोंड पुसलं, उठला, आणि मला सगळी जमीन फिरवून आणली. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठल्या तुकड्यात पाय रुततो, कुठे साप निघतो, कुठल्या आंब्याखाली काही येत नाही. दीड तासात परत बांधावर आणून बसवलं.

"झाला तुजा वरीस," तो म्हणाला.

ते सगळं मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहून काढलं. मग उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस काय करायचं, हा प्रश्न पडला. मी रोज थोडं थोडं लिहीत गेलो. मार्गशीर्षात पाय रुतणारा तुकडा सांगितला, होळीनंतर साप. वर्ष संपल्यावर बेंगळुरूहून आलेल्या तज्ज्ञाने नकाशा काढला, आणि तळं नेमकं तिथे दाखवलं जिथे गोमादादाने पहिल्या दिवशी कोयत्याची मूठ टेकवली होती. बोटं पुष्कळ हलली. नकाशावर खाली माझं नाव आलं, गोमादादाचं नाही. मीही कोणाला काही बोललो नाही. हे पुढच्या गोष्टीची नांदी म्हणून लक्षात ठेवा.

पाहुणे फार मजेचे यायचे. शनिवार-रविवार 'अनुभव निवास' ठेवला होता. वाशीचं एक बँकवाल्यांचं कुटुंब ते रिसॉर्ट समजून आलं. नवरा, बायको, बायकोची आई, आणि पोहायचे कपडे. आंघोळीचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून एका डबक्यात सोडलं होतं. साहेब येताक्षणी त्यात पाय सोडून बसले आणि "पाणी कोमट ठेवलंय, छान," असं मला म्हणाले. खरं काय ते मी त्यांना निघतानाच सांगितलं. मग कोरडा संडास. त्यात पाणी नाही. काम झालं की वरून लाकडाचा भुसा टाकायचा, वर्षभराने त्याचं खत होतं, वास येत नाही, शास्त्र पक्कं आहे. साहेब अर्ध्या तासाने भुशाचा डबा हातात घेऊन बाहेर आले आणि विचारलं, "हा नाश्ता इथे का ठेवलाय?" त्यांच्या सासूबाई मात्र सगळं फिरून बघून शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गावाला हेच होतं हो. यातून सुटायला मी मुंबईचं स्थळ केलं." त्यांना मी आपणहून दुधाचा चहा करून दिला. वस्तीत दूध घ्यावं की नाही याचा निर्णय अजून लागायचा होता.

निर्णय लागणं हे तिथलं सर्वांत अवघड काम. मतदान नाही. सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. गोल बसायचं, मधे एक नारळाची करवंटी. जिच्या हातात करवंटी ती व्यक्ती बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि कोणाला ठराव अजिबात मान्य नसेल तर त्याने दोन्ही मुठी छातीवर आडव्या धरायच्या. चौदांतल्या एकाने जरी मुठी धरल्या तरी ठराव पडला. मीसुद्धा त्या गोलातच बसायचो, कारण वर-खाली कोणी नव्हतं. मला करवंटीही मिळायची आणि मुठी तर माझ्याच होत्या. गोमादादालाही बोलावलं होतं. तो एकदा येऊन बसला, तीन तास उंदीर मारावेत की समजवावेत हे ऐकलं, आणि मग कधीच आला नाही. उंदरांनी तोवर भोपळे संपवले.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या बाजूला भातशेती कशी करतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भात एकदम शेतात पेरत नाहीत. आधी एका छोट्या तुकड्यात दाट रोपं करायची आणि पावसाने शेत भरलं की ती उपटून लावायची. या छोट्या तुकड्याची उन्हाळ्यात तयारी करतात तिला राब म्हणतात. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांची टहाळं, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत, वरून मातीची चिमूट. आणि वैशाखात, वारा पडलेला बघून, पेटवायचं. सावकाश धुमसत भाजलं की तण मरतं, जमीन भुसभुशीत होते आणि रोपं जोरात येतात. पेटवायची ती वाऱ्याच्या उलट बाजूने. हे शेतकऱ्याच्या पोराला चालायला लागल्यापासून येतं.

पर्माकल्चरमध्येही असाच थर लावतात. खाली शेण, वर फांद्या, वर पाला, वर गवत, वरून थोडी माती. अगदी तेच. फक्त ते पेटवत नाहीत. तसंच कुजू देतात, आणि पेटवणं हे तिथे मोठं पाप. पाला जाळला म्हणजे मातीच्या तोंडचा घास जाळला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, यावर मी आता भांडत नाही.

जगातल्या अशा वस्त्यांचं एक मंडळ होतं. त्यात आम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवायला मार्टिना नावाची जर्मन बाई यायची होती. तिला दाखवण्यासाठी मंडळींनी दोन महिने खपून एक वाफा रचला. पनवेलच्या सोसायट्यांमधून पोत्यांनी पाला आणला. दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या हाताने शेण थापलं. चांगला वीस बाय तीस फुटांचा, गुडघाभर उंचीचा, कडा सुतात धरलेल्या. गोमादादाने रोज येता-जाता तो बघितला. त्याच्या आयुष्यात त्याने इतका देखणा राब पाहिला नव्हता. आणि वैशाख संपत आला तरी तो कोणी भाजत नव्हतं.

मार्टिना यायची त्या सकाळी बाकी मंडळी गोलात बसली होती. मी फाटकाशी उभा होतो, फोनवर. तिचा टॅक्सीवाला वाट चुकला होता आणि मी त्याला सांगत होतो, उजवीकडे नको, डेअरीवरून वळा, नाही नाही, दुसरी डेअरी. तेवढ्यात गोमादादा आला. पंचा झाडून खांद्यावर टाकला.

"भाई, वारा पडलाय. राब भाजू ना?"

"हो हो," मी म्हटलं. टॅक्सीवाल्याला म्हटलं की त्याला, ते मला तेव्हाही कळलं नाही. गोमादादा गेला.

दहा मिनिटांनी टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "भाई, अरे कोई निशानी तो बताओ." मी इकडेतिकडे बघितलं. आमच्याच बाजूने एक सुंदर, सरळ, निळसर धूर वर चढत होता. "धुआँ दिख रहा है?" मी म्हटलं. "बस, उसकी तरफ आओ." आणि हे वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी पळालो. गोलात बसलेल्यांपैकी अनघाताईंना तो धूर माझ्याआधी दिसला होता. पण करवंटी दुसऱ्याच्या हातात होती आणि तो माणूस 'आपल्या नात्यांतलं मौन' यावर बोलत होता. ताई शिस्तीच्या. त्यांनी मधे तोंड उघडलं नाही, फक्त दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. बाकीच्यांना वाटलं, ताईंना मुद्दा पटला. त्यांनीही हात वर केले. मी पोचलो तेव्हा तेराजण आगीकडे न बघता आनंदाने बोटं हलवत होते, आणि चौदाव्या ताई रडत होत्या.

मग बादल्या निघाल्या. तिथे गोमादादा दोन्ही हात पसरून आडवा उभा. "पानी टाकू नका! राब बिगडंल!" तो ओरडत होता. "एवडा चांगला धरलाय, जरा दम धरा!" डॉक्टर त्याच्या बगलेखालून बादली रिकामी करायला बघत होता. याच वेळी टॅक्सी फाटकातून आत आली. मार्टिना उतरली, चष्मा पुसला, आणि धुरात उभ्या असलेल्या आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने वही काढली. वही दिसली की मला अजून धडकी भरते.

त्या वर्षी आम्हाला मंडळात घेतलं नाही. पत्र फार गोड भाषेत होतं.

त्यानंतरचा गोल दोन दिवस चालला. कोणी गोमादादाला काढून टाका म्हणालं नाही. तसे शब्द तिथे नव्हतेच. ठराव असा होता, की भूमिमित्राला 'कृतज्ञतापूर्वक मोकळं करावं'. आपली वाट आणि त्याची वाट वेगळी आहे, याचा आदर म्हणून. करवंटी फिरत फिरत माझ्याकडे आली. तिच्यात पूर्वी कधीतरी कोणीतरी चहा प्यायलं होतं, त्याचा डाग होता. मी त्या डागाकडे बघत बसलो. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्याने मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. निदान मुठी तरी छातीवर धरायच्या होत्या. पण मुलगी कॉलेजात होती, आखातात परत जायचं वय राहिलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या चुकीसाठी गोड भाषेत निरोप मिळत असेल तर आपल्याला किती गोड भाषेत मिळेल, याचा अंदाज येत होता. मी करवंटी पुढे दिली. लाज वाटली. पुढे दोन वर्षं वाटत राहिली.

निरोपाला त्याला एक बांबूचा दात घासायचा ब्रश आणि वडाचं रोप दिलं. चार दातांच्या आणि आता बिनजमिनीच्या माणसाला. त्याने दोन्ही घेतलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला. उलव्याला मोठा मुलगा होता, त्याच्याकडे.

जळलेला वाफा 'बरा होण्यासाठी' तसाच सोडायचा ठरलं. मृगाचा पाऊस झाला आणि आठ दिवसांत त्या काळ्या चौकोनावर भाताची रोपं आली, दाट, एकसारखी, नजर ठरणार नाही अशी. मंडळी हरखली. जमीन स्वतःच स्वतःला बरं करते याचा हा पुरावा, असं सर्वानुमते ठरलं. मला एका नजरेत कळलं, की जायच्या आदल्या दिवशी गोमादादाने धुळीतच बी टाकलं होतं. त्याने आपलं काम अर्धं पुरं केलं होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे रोपं उपटून लावणं, ते कोणाला येत नव्हतं आणि कोणी करायचं हेही ठरलं नाही. रोपं जागच्या जागी वाढली, पिवळी पडली, आडवी झाली. मी रोज बघत होतो. बघण्याचाच माझा अनुभव होता.

दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात अनघाताईंनी मला बोलावलं. चेहरा फुललेला. मार्टिनाने त्या वहीतलं सगळं मंडळाच्या पत्रिकेत छापलं होतं: अग्नी आणि माती यांचं कोकणातलं प्राचीन नातं. आता तीन देशांतल्या वस्त्यांना राब शिकायचा होता. "भाई, ते आपले आजोबा," ताई म्हणाल्या, "त्यांना शोधून आणा ना. त्यांच्याशिवाय हे कोण सांगणार?"

'आपले' हा शब्द मला टोचला. स्कूटर काढली.

उलवे म्हणजे तेव्हा नुसत्या उभ्या राहणाऱ्या इमारती, डंपर आणि चिखल. तीन सोसायट्यांत विचारल्यावर चौथीच्या फाटकावर तो सापडला. निळा युनिफॉर्म, दोन मापं मोठा, डोक्यावर टोपी, हातात कोयत्याऐवजी शिट्टी. वॉचमन झाला होता. मला बघून हसला, तर दात दोन उरलेले.

"ये, ये. वहीत नाव लिव," तो म्हणाला. "हितं पन वही हाय."

मी निरोप सांगितला: तीन देश, पत्रिका, प्राचीन नातं. त्याने ऐकून घेतलं आणि मला केबिनच्या मागे नेलं. कंपाउंडची भिंत आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मधे जेमतेम दोन खाटांएवढी जागा. तिथे भाताची रोपं उभी होती. हिरवीगार, वीतभर वर गेलेली. कडेला अजून राख दिसत होती.

"इथे राब भाजलास?"

"सोसायटीचा पाला फुकट जात व्हता. धूर झाला, बाया वरून वरडल्या. शेक्रेटरीनं मीटिंग घेतली." तो पंच्याऐवजी टोपीने तोंड पुसू लागला. "तुमच्याकडं करवंटी तरी व्हती. हितं सगले एकदम बोलतात."

"आणि ही लावणार कुठे?"

त्याने वाकून एक रोप चाचपलं. "तेच तर," म्हणाला. "चार दिवसांत लावली नाय तर गेली."

"मग बी टाकलंस कशाला, दादा?"

"मिरग आला. हात गप बसत नाय."

तेव्हा मला राहवलं नाही. ट्रान्सफॉर्मर घुमत होता, मी मोठ्याने बोललो. त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, मी हो म्हटलं होतं, चूक माझी होती, गोलात मी तोंड उघडलं नाही, तुझी जमीन तुझ्यापासून दुसऱ्यांदा गेली ती माझ्यामुळे. दोन वर्षं मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गोमादादा माझ्याकडे थोडा आश्चर्याने बघत राहिला.

"अरे, मना ठाव व्हतं तू ऐकत नव्हतास," तो म्हणाला. "तू फोनवर व्हतास म्हनूनच मी इचारला. फोनवर असलास का तू सगल्याला हो बोलतंस. महिनाभर वाट बगत व्हतो, कवा तुजा मोटा फोन येल त्याची."

"म्हणजे तुला ठाऊक होतं ते भाजायचं नाही?"

"त्यांनी मना धा वेला सांगितला व्हता. पर असा राब न भाजता ठेवाचा?" त्याने मान हलवली. "डोल्याला बगवत नव्हता, भाई."

दोन वर्षांची माझी लाज अशी ट्रान्सफॉर्मरमागे फुकट गेली. मला हसू येईना आणि रागही येईना. मी रोपांकडे बघितलं. मग घड्याळात बघितलं. मंगळवार, सकाळचे अकरा. मंगळवारी अकरा वाजता अनघाताई परदेशातल्या वस्त्यांशी कॉम्प्युटरवर बोलत असतात, कानात एक फोन, समोर पाच चेहरे. मी खिशातून मोबाइल काढला.

"ताई, इक्बाल बोलतोय. गोमादादाला घेऊन येतोय. काळ्या वाफ्याखालचा तुकडा पाण्याने भरलाय, तिथे तो भात लावेल. यंदा, आणि पुढेही दरवर्षी. चालेल ना?"

पलीकडे इंग्रजीत काहीतरी चाललं होतं. "हो हो," ताई म्हणाल्या. "हो, भाई. हो."

मी फोन ठेवून वळलो, तर गोमादादाने युनिफॉर्मची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो रोपं उपटायला बसलाही होता. मूठ-मूठ उपटून, मुळांचा चिखल पायावर आपटून, गवताच्या काडीने बांधत होता. ताई काय म्हणाल्या हे त्याने विचारलं नाही. जुड्या मी स्कूटरच्या पुढ्यात रचल्या, उरलेल्या त्याने छातीशी धरल्या आणि मागे बसला.

आम्ही फाटकातून बाहेर पडत होतो तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सेक्रेटरींनी हाक मारली. "अहो काका! निघालात कुठे? गेट कोण बघणार?"

गोमादादाने वर बघितलंसुद्धा नाही. "हो हो," तो म्हणाला, आणि मला पाठीत ढोसून स्कूटर काढायला लावली.